सैन्यातील वैद्यकीय सेवा : कोणती वाट कोणासाठी?

सैन्यभरती म्हटली की आपल्या तालुक्यातील मुलांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहते : मैदान, सोळाशे मीटरची धाव आणि छातीवर लावलेला क्रमांक. वाशिम रस्त्यावर पहाटे पळणाऱ्या मुलांत आपल्या महाविद्यालयातील कितीतरी ओळखीचे चेहरे दिसतात. त्यांपैकी कोणालाही "कशात भरती व्हायचे?" असे विचारा, "आर्मीत" एवढेच उत्तर येईल. आर्मीत म्हणजे नेमके कशात, हा प्रश्न सहसा कोणी स्वतःला विचारीत नाही. सैन्य म्हणजे अनेक व्यवसायांचे एक मोठे गावच आहे आणि त्या गावात दवाखान्याचीही एक आळी आहे. त्या आळीत शिरण्याच्या वाटा किती, त्या कोठे फुटतात आणि कोणासाठी कोणती उघडी आहे, याविषयी गेल्या वर्षभरात जी माहिती जमविता आली ती वाचकांपुढे ठेवीत आहे.

माहिती जमविण्याचे कारण घरचेच आहे. माझा चुलतभाऊ बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाला. जनरल ड्यूटीच्या भरतीत तो दोनदा धावला आणि दोन्ही वेळा थोडक्यात मागे पडला. त्याच्या गुणपत्रिकेवर जीवशास्त्र आहे, गुणही बरे आहेत; पण अशा मुलांसाठी सैन्यात 'नर्सिंग असिस्टंट' नावाची वेगळी जागा असते हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आता त्याला बावीस पूर्ण होऊन गेले आणि त्या जागेची वयोमर्यादा तेवीस आहे. दुसरीकडे माझी धाकटी बहीण यंदा दहावीला आहे व तिला फौजेतली नर्स व्हायचे आहे. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मीच पहिला, म्हणून असले सर्व प्रश्न माझ्याकडे येतात. मी कला शाखेचा, माझा विषय इतिहास. तेव्हा इतिहासाची सवय येथेही कामी आणली.

३ एप्रिल १९४३ रोजी, दुसरे महायुद्ध चालू असताना, इंडियन मेडिकल सर्व्हिस, इंडियन मेडिकल डिपार्टमेंट आणि इंडियन हॉस्पिटल कोअर या तीन जुन्या संघटना एकत्र करून आर्मी मेडिकल कोअर उभारण्यात आली. तिचे केंद्र लखनौला आहे आणि ब्रीदवाक्य 'सर्वे सन्तु निरामयाः' हे आहे. सैनिक परिचारिकांचा इतिहास त्याहून जुना. १८८८ साली दहा ब्रिटिश परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या, तेथून तो सुरू होतो. पुढे १९२६ मध्ये भारतीय सैन्यासाठी कायमस्वरूपी परिचर्या सेवा स्थापन झाली.

मी हे सारे घरी वाचून दाखवीत असता बाबांनी मध्येच विचारले, "फौजेतल्या डॉक्टरले बंदूक देतेत का नाई?" प्रश्न साधा वाटला तरी नेमका होता. त्याचे उत्तर जिनिव्हा करारात सापडते. १८५९ च्या सोल्फेरिनोच्या लढाईनंतर रणांगणावर पडलेल्या हजारो जखमींची दैना आंरी द्युनां या स्विस गृहस्थाने पाहिली, त्यातून रेडक्रॉसची कल्पना निघाली आणि १८६४ साली पहिला करार झाला. आज लागू असलेले करार १९४९ चे आहेत. त्यांनुसार वैद्यकीय सैनिकावर हेतुपुरस्सर हल्ला करता येत नाही. त्यानेही शस्त्र बाळगायचे ते स्वतःच्या व आपल्या रुग्णांच्या रक्षणापुरतेच. शिवाय शत्रूचा जखमी सैनिक हाती लागला तर त्याच्यावरही तितक्याच काळजीने उपचार करावे लागतात. ही शेवटची अट ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे तं कठीण काम आहे लेका." मलाही तसेच वाटते. ज्याला फक्त शत्रूशी लढायचे आहे त्याने ही आळी निवडू नये.

आता वाटांकडे वळू. कोणती वाट निवडावी हे ठरविण्यासाठी जखमी सैनिकाचा प्रवास समजून घेणे मला फार उपयोगी पडले. गोळी लागल्यावर प्रथम त्याच्याजवळ पोहोचतो तो त्याचाच सोबती. प्रत्येक जवानाला प्रथमोपचार शिकविलेले असतातच, पण तुकडीतील काही जवानांना त्याचे जास्तीचे शिक्षण देतात व त्यांना 'बॅटल फील्ड नर्सिंग असिस्टंट' म्हणतात. तेथून जखमीला पलटणीच्या मदतकेंद्रात आणतात. तेथे पलटणीचा डॉक्टर, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर, आणि त्याच्या हाताखाली वैद्यकीय कोअरचे नर्सिंग असिस्टंट असतात. रक्त थांबविणे, श्वास मोकळा करणे, मोडलेले हाड बांधणे, सलाईन लावणे एवढे करून त्याला मागे फील्ड ॲम्ब्युलन्सकडे धाडतात. फील्ड ॲम्ब्युलन्स म्हणजे एखादी गाडी असा माझा समज होता; प्रत्यक्षात ते डॉक्टर, जवान, तंबू व वाहने असलेले एक पूर्ण पथक असते. त्याच्या मागे फील्ड हॉस्पिटल, त्याच्या मागे बेस हॉस्पिटल आणि सर्वांत मागे पुणे, लखनौ, कोलकाता अशा ठिकाणची कमांड हॉस्पिटले. १९९९ च्या कारगिल युद्धात श्रीनगरचे ९२ बेस हॉस्पिटल असेच जखमींनी भरून गेले होते.

या साखळीतील कोणत्या कडीवर उभे राहण्याची आपली तयारी आहे, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. पगाराचा विचार त्यानंतर.

सर्वांत उंचीची वाट डॉक्टरची. पुण्याचे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजेच ए.एफ.एम.सी., १९४८ साली स्थापन झाले आणि १९६२ मध्ये तेथे एम.बी.बी.एस.चे शिक्षण सुरू झाले. प्रवेशासाठी बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हवे. नीटची परीक्षा द्यावी लागते आणि त्यातून निवडलेल्यांची पुण्यात पुन्हा इंग्रजी व तर्कशक्तीची चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी होते. भारतीय उमेदवारांसाठी एकशे पंचेचाळीस जागा आहेत, त्यांपैकी तीस मुलींच्या. शिक्षणाचा व निवासाचा खर्च सरकार करते. त्याच्या बदल्यात सैन्यात सेवा करण्याचा करार लिहून द्यावा लागतो. शेतकऱ्याच्या मुलाला यात तोटा दिसत नाही, परंतु करार वाचल्याशिवाय सही करू नये हे आपल्याकडील लोक सावकारापासून शिकलेलेच आहेत. याच महाविद्यालयात शिकलेल्या माधुरी कानिटकर बालरोगतज्ज्ञ झाल्या, तेथेच अधिष्ठाता झाल्या आणि २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या. पुढे २०२१ मध्ये नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरुपदी त्यांची नेमणूक झाली.

ए.एफ.एम.सी. हुकले म्हणजे सारे संपले असे नाही. कोणत्याही मान्य महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर अल्पमुदतीच्या कमिशनवर सैन्यात जाऊ शकतो. आपल्या वाशिमला २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यामुळे ही वाट आता जिल्ह्यातूनच निघते. पण आपल्याकडे बी.ए.एम.एस. करून 'मिलिटरीत डॉक्टर होऊ' असे म्हणणारी मुले भेटतात, त्यांना सांगणे भाग आहे की आर्मी मेडिकल कोअरच्या या भरतीला एम.बी.बी.एस. लागते. दंतवैद्यांची आर्मी डेंटल कोअर वेगळी आहे.

दुसरी वाट परिचारिकेची आणि माझ्या बहिणीसाठी मी तीच तपासून पाहत आहे. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा चार वर्षांचा बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रम पुणे, मुंबई, कोलकाता, दिल्ली, लखनौ व बंगळूर येथील लष्करी रुग्णालयांशी जोडलेल्या महाविद्यालयांत चालतो. सगळ्या मिळून दोनशे वीस जागा, त्यांपैकी पुण्यात चाळीस आणि मुंबईच्या अश्विनी या नौदल रुग्णालयात चाळीस. हा अभ्यासक्रम केवळ मुलींसाठी आहे. येथेही नीट द्यावी लागते व सेवेचा करार करावा लागतो. शिक्षण पुरे झाले की मुलगी लेफ्टनंट म्हणून अधिकारी होते. आजीला ही गोष्ट मी तीनदा समजावून सांगितली. तिच्या मते नर्स म्हणजे दुसऱ्याच्या हाताखाली राबणारी बाई. हिच्या खांद्यावर तारे असतील आणि जवान तिला सलाम करतील, हे तिला अजून खरे वाटत नाही.

तिसरी वाट नर्सिंग असिस्टंटची. ग्रामीण मुलांच्या दृष्टीने मी तिला सर्वांत महत्त्वाची मानतो, कारण तिला नीट लागत नाही, चार वर्षांचे महाविद्यालय लागत नाही आणि तरीही हाती कसब येते. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय, एकूण पन्नास टक्के आणि प्रत्येक विषयात किमान चाळीस टक्के एवढे गुण हवेत. वय साडेसतरा ते तेवीस. २०२३ पासून भरतीचा क्रम बदलला आहे. आधी संगणकावर लेखी परीक्षा होते आणि ती पार करणाऱ्यांनाच मैदानावर बोलावतात. म्हणजे नुसत्या धावण्यावर भिस्त ठेवणाऱ्याला आता मैदानही पाहायला मिळत नाही! निवड झाल्यावर लखनौच्या केंद्रात आधी सैनिकी व मग वैद्यकीय प्रशिक्षण होते. पुढे प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह, रक्तसंक्रमण अशा शाखांतही जाता येते.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली तेव्हापासून जनरल ड्यूटीचा जवान अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी घेतला जातो व त्यातील पंचवीस टक्क्यांपर्यंतच कायम होतात. नर्सिंग असिस्टंट आणि सिपाही फार्मा या जागा मात्र नियमित भरतीत राहिल्या. नियमित जवानाला पंधरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क मिळतो. एकाच मैदानावर शेजारी धावणाऱ्या दोन मुलांच्या आयुष्यात एवढे अंतर केवळ अर्जातील एका रकान्यामुळे पडते, याचे मला राहून राहून नवल वाटते. सिपाही फार्मासाठी बारावीनंतर डी.फार्म. किंवा बी.फार्म. लागते आणि वय एकोणीस ते पंचवीस. रिसोड-वाशिमकडे फार्मसीकडे वळलेली मुले पुष्कळ आहेत; त्यांनी हे अवश्य पाहावे. वायुदल व नौदलातही बारावी जीवशास्त्रवाल्यांसाठी मेडिकल असिस्टंटच्या जागा निघतात.

मग आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे काय? स्पष्टच सांगायचे तर वरच्या तीनही वाटांचे फाटक अकरावीच्या प्रवेशाच्या दिवशी ठरते. पदवीनंतर सी.डी.एस. परीक्षा देऊन अधिकारी होता येते, जवान होता येते, पण वैद्यकीय आळीत थेट शिरता येत नाही. पलटणीतला बॅटल फील्ड नर्सिंग असिस्टंट मात्र लढाऊ जवानांतूनच घडतो, आणि जखमीपर्यंत सर्वांत आधी पोहोचतो तोच. एन.सी.सी.त असलेल्या मित्रांनी प्रथमोपचाराचा तास टाळू नये, तो त्या दृष्टीने पाहावा. त्यांच्या प्रमाणपत्राला भरतीत जादा गुणही मिळतात.

रणांगणावरील वैद्यकाचे मोल कळण्यासाठी दोन उदाहरणे देतो. १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनला राष्ट्रीय सभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. त्यात नागपूरचे डॉ. चोलकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस परतले नाहीत. आठव्या मार्गसेनेबरोबर जखमींची सेवा करीत, बेथून रुग्णालयाचे प्रमुख म्हणून काम करीत, ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी ते वारले. दुसरे उदाहरण कोरियातील. स्वतंत्र भारताने तेथे लढाऊ फौज धाडली नाही, ६० पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक धाडले. लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज त्याचे प्रमुख होते. मार्च १९५१ मध्ये त्या पथकातील डॉक्टर व जवानांनी अमेरिकन छत्रीधारी सैनिकांबरोबर विमानातून उड्या घेतल्या आणि जमिनीवर उतरताच जखमींवर शस्त्रक्रिया सुरू केल्या. त्या उड्या घेणाऱ्यांत नर्सिंग असिस्टंटच्या दर्जाचे साधे जवानही होते.

आता घरची हकीकत. चुलतभावाने नर्सिंग असिस्टंटसाठी अर्ज करण्याचे ठरविले आहे. वयाच्या हिशेबाने ही त्याची एकच संधी उरते. सोयाबीनच्या कामातून सुटला की रात्री तो बारावीचे जीवशास्त्र काढून बसतो. बहिणीच्या बाबतीत मात्र घरात एकमत नाही. गावातील एका जाणत्या गृहस्थांनी सुचविले आहे की विज्ञान शाखा घेतलीच तर जीवशास्त्राऐवजी पीकशास्त्राचा द्विलक्ष्यी विषय घ्यावा, गुण चांगले पडतात. गुण पडतीलही, पण गुणपत्रिकेवर जीवशास्त्र नसेल तर वर सांगितलेल्या वाटांपैकी एकही तिला मोकळी राहणार नाही. मी बाबांना एवढेच सांगितले आहे. निर्णय जूनमध्ये होईल.

जाता जाता अर्जाविषयी. वाशिम जिल्ह्याचे भरती कार्यालय नागपूरला आहे आणि अर्ज सैन्याच्या संकेतस्थळावरच भरतात. परीक्षेचे ठरलेले शुल्क सोडले तर कोणालाही एक पैसा द्यावा लागत नाही. 'काम करून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. दहावीच्या प्रमाणपत्रावरचे नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी अक्षरशः जुळते का, ते आजच पाहावे. आमच्या चुलतभावाच्या एका कागदावर 'राव' होते आणि दुसऱ्यावर नव्हते. ते दुरुस्त करण्यात तहसील व शाळेच्या फेऱ्या मारता मारता पावणेदोन महिने गेले.