जांभळाचा शिरका-सरबत : भांड्याची दक्षता
काशीमीरा परिसरात पावसाच्या तोंडावर मिळणारे जांभूळ जेमतेम दोन दिवस टिकते. शेजारच्या पालघर जिल्ह्यातील बहाडोलीच्या जांभळाला २०२३ साली भौगोलिक मानांकन लाभले. तथापि नासाडीचा प्रश्न उरतोच. त्यावर शिरका हा जुना उपाय होय. बिया काढलेला गर, साखर व शिरका समभाग घेऊन तीन दिवस थंड जागी मुरवावे, रोज ढवळावे व नंतर गाळावे. पेलाभर पाण्यास दोन चमचे पुरतात.

बरणी मात्र काचेची वा चिनी मातीचीच हवी. कळई उडालेल्या पितळी पातेल्यात आम्लामुळे तांबे विरघळून पेय विषारी होते, आणि काही घरांत अशी पातेली अद्याप असतात. शाळेत किंवा महिला मंडळात प्रात्यक्षिक योजताना साखर मोजण्यापूर्वी भांडे तपासावे.