विहारयात्रेकडून धम्मयात्रेकडे : तळ्याकाठच्या पक्षिछायाचित्रणाचा एक अभ्यास

आपल्या पालघर जिल्ह्यातील सोपारा हे प्राचीन बंदर बौद्ध इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा त्यांना मिळाला. पुढे १९५६ साली, म्हणजे धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचाही तुकडा सापडला. यांपैकी आठव्या लेखाचा आशय आमच्या आजच्या विषयाशी थेट जोडलेला आहे.

त्या लेखात सम्राट सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात आणि तेथे मृगया व तत्सम करमणुकी चालत. येथे विहार म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान नव्हे, तर मौजेचा फेरफटका, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर अशोक संबोधीला गेला आणि तेथून धम्मयात्रा सुरू झाली. त्या यात्रेत श्रमण-ब्राह्मणांचे दर्शन व त्यांना दान होते, वृद्धांची भेट होती, जनपदातील लोकांची भेट होती, धम्माचा उपदेश होता आणि धम्मासंबंधी विचारपूसही होती. म्हणजे सम्राटाने राजधानीबाहेर पडणे सोडले नाही. त्याने बाहेर पडण्याचा हेतू बदलला.

सरावली, डहाणू, तलासरी या भागांतील तळ्यांच्या व बंधाऱ्यांच्या काठी आज कॅमेरे घेऊन जाणारी तरुण मंडळी दिसतात. आपल्या विद्यालयाचे आजी-माजी विद्यार्थीही त्यांत आहेत. काठावरच्या खोपीत बसून पाखरांची आणि इतर वन्यजीवांची छायाचित्रे टिपणे हा उत्तम छंद आहे. परंतु तोही विहारयात्रा होऊ शकतो किंवा धम्मयात्रा. तो काय होईल हे कॅमेऱ्याच्या किमतीवर ठरत नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

१. परिसराची ओळख

पश्चिमेला समुद्र व खाडी, पूर्वेला सह्याद्रीच्या दिशेने चढत जाणारे डोंगर आणि मध्ये भातखाचरे, चिकूच्या वाड्या, ताडांच्या रांगा, गावतळी आणि लहानमोठी धरणे, असा हा प्रदेश आहे. दापचरीजवळील कुर्झे धरणाचा जलाशय आणि सूर्या नदीवरील धामणी धरण ही त्यांतील मोठी ठिकाणे. परंतु आरंभ करणाऱ्याने मोठ्या जलाशयाचा हव्यास धरू नये. लहान तळ्यावर पाखरू जवळ असते आणि तेच तेच पाखरू पुन्हा पुन्हा पाहावयास मिळते.

अशा तळ्यांवर टिबुकली, पाणकावळा, वंचक, लहान-मोठे बगळे, खंड्या, हळदी-कुंकू बदक, कमळपक्षी आणि टिटवी यांची भेट घडू शकते. हिवाळ्यात परदेशी व उत्तरेकडील पाहुणे येतात. चक्रवाक हा त्यांपैकीच एक. अशोकाने आपल्या राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी जे प्राणी अवध्य ठरविले, त्यांची यादी पाचव्या स्तंभलेखात आहे. तीत पोपट, मैना व हंस यांच्याबरोबर चक्रवाकाचेही नाव आहे. ज्या पक्ष्याला बावीसशे वर्षांपूर्वी राजाज्ञेने अभय मिळाले, तो आजही आपल्या राज्यातील पाणवठ्यांवर हिवाळा घालवितो, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्याला सुखावणारी आहे.

२. बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे

पक्ष्यांचा आधुनिक अभ्यास प्रथम बंदुकीच्या साहाय्याने झाला. पक्षी मारावयाचा, त्याचे कातडे भरून ठेवावयाचे आणि मग त्याचे वर्णन करावयाचे, अशी रीत होती. मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचा प्रारंभीचा संग्रहही असाच वाढला. बालपणी छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडणारे डॉ. सालिम अली याच संस्थेत त्या चिमणीची ओळख विचारावयास गेले आणि पुढे थोर पक्षिशास्त्रज्ञ झाले. १९३० साली रायगड जिल्ह्यातील किहीम येथे राहून त्यांनी सुगरण पक्ष्याच्या वीणीचा जो अभ्यास केला, तो जिवंत पाखरापुढे दिवसेंदिवस बसून केलेला होता. मेलेले पाखरू घरटे कसे विणतो हे सांगत नाही.

इंग्लंडमध्ये रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनी १८९२ साली अंड्यांसह घरट्याचे छायाचित्र घेतले. पुढे पाखरांना संशय येऊ नये म्हणून लाकडी सांगाड्यावर बैलाचे कातडे चढवून त्या पोकळ बैलाच्या पोटात बसून त्यांनी छायाचित्रे काढली.

तळ्याकाठच्या छायाचित्रणाचा सर्वांत बोधप्रद इतिहास मात्र अमेरिकेतील जॉर्ज शिरास यांचा आहे. पेशाने वकील असलेल्या या गृहस्थांचा मिशिगन राज्यातील व्हाइटफिश तळ्याकाठी मुक्कामाचा तळ होता. तेथील ओजिब्वे आदिवासी रात्री होडीच्या टोकाशी विस्तव पेटवून शिकार करीत. काठावरचे जनावर उजेडाकडे टक लावून पाहते, त्याचे डोळे चमकतात आणि मागच्या अंधारातील माणूस त्याला दिसत नाही. शिरास यांनी हीच युक्ती घेतली आणि बंदुकीच्या जागी कॅमेरा ठेवला. १९०६ च्या जुलैमध्ये नॅशनल जिऑग्राफिक मासिकाने त्यांची ७४ छायाचित्रे प्रसिद्ध केली. काँग्रेसचे सदस्य असताना १९०४ साली त्यांनी स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणासाठी विधेयकही मांडले. त्या प्रयत्नांची परिणती पुढे १९१८ च्या कायद्यात झाली.

शिरास यांचे कार्य मोठे आहे. तथापि बहुजनांचा इतिहास शिकणाऱ्याने येथे एक प्रश्न विचारलाच पाहिजे. विद्या ओजिब्वेंची होती, नाव मात्र शिरास यांचे झाले. आपल्या परिसरातही तळ्याकडे नेणारी वाट, पाखरू पाण्यावर उतरण्याची वेळ आणि त्याचे बोलीतील नाव वारली, कोकणा, धोडिया बांधवांनाच ठाऊक असते. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांतील पाखरे, मुंग्या आणि मासळीची जाळी पाहिली, म्हणजे या समाजाची निरीक्षणशक्ती कॅमेऱ्यावाचूनच किती सूक्ष्म आहे हे कळते. म्हणून ज्याने वाट दाखविली, त्याचे नाव त्याच्या संमतीने छायाचित्राखाली आपल्या नावाबरोबर लिहावे. जनपदाच्या लोकांची भेट हे धम्मयात्रेचे अंग आहे, ते असे.

३. लपणगृह व त्याची शिस्त

लपणगृहासाठी खर्च लागत नाही. कारवीचा कूड आणि वर पेंढा, एवढी लहानशी खोप पुरते. ती एका दिवसात पाण्याजवळ उभी करू नये. प्रथम दूर उभारावी, पाखरांना तिची सवय होऊ द्यावी आणि मग थोडी थोडी पुढे आणावी. जागा निवडताना वीणीचे ठिकाण, गुरांची पाण्यावरची वाट आणि गावकऱ्यांचा पाणवठा टाळावा. जमीन ज्याची असेल त्याची परवानगी घ्यावी.

सकाळी छायाचित्रे घ्यावयाची असतील तर खोप तळ्याच्या पूर्व काठावर असावी, म्हणजे सूर्य आपल्या पाठीशी राहतो. पाखरू वाऱ्याला तोंड देऊन उतरते, म्हणून वाराही पाठीकडून येत असेल तर उतरणारे बदक आपल्याच दिशेने येते. उजाडण्यापूर्वी आत जाऊन बसावे. पाखरे आधीच आली असतील तर दोघांनी मिळून आत जावे आणि एकाने बाहेर पडून निघून जावे. खोप रिकामी झाली असे समजून पाखरे बहुधा निर्धास्त होतात.

कॅमेरा शक्य तितका पाण्याच्या पातळीशी आणावा. उडत्या पाखरासाठी शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका ठेवावा. काळ्या पाण्यावरील पांढरा बगळा कॅमेरा गरजेपेक्षा उजळ करतो आणि पिसांची वीण नाहीशी होते, म्हणून उजेड थोडा कमी करावा. मोबाईलवरही बगळ्यावर बोट टेकवून हे साधता येते. मोठी लेन्स नसणाऱ्याने खंत करू नये. चिखलात निश्चल उभा राहणारा मातकट वंचक उडताच पांढराशुभ्र कसा दिसतो, कमळपक्ष्यात अंडी उबविण्याचे काम नर कसे करतो, हे टिपण्यासाठी लेन्सपेक्षा चिकाटीच अधिक लागते.

४. अंतर हेच शील

पंचशीलातील पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे. आम्ही तर केवळ छायाचित्र घेतो, त्यात हिंसा कोठे, असे अनेकजण विचारतात. उत्तरासाठी टिटवीचे उदाहरण घ्यावे. तिची अंडी उघड्या जमिनीवर खड्यांत मिसळलेली असतात. दुपारच्या उन्हात ती अंड्यांवर सावली धरते आणि प्रसंगी पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून अंडी थंड राखते. आपण जवळ उभे राहिलो की ती ओरडत आकाशात घिरट्या घालते. आपल्याला सुरेख चित्र मिळते, पण तेवढ्या वेळात खाली अंडी तापत असतात किंवा कावळा ती हेरीत असतो. येथे शस्त्र कोणी उगारलेले नाही, तरी जीव जाऊ शकतो.

कायद्याची दृष्टीही हीच आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तीत संरक्षित वन्य पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना इजा करणे व त्यांत व्यत्यय आणणे यांचाही समावेश आहे. आमिष दाखविणे आणि हाकणे हेही त्या व्याख्येत येते. घरटे स्पष्ट दिसावे म्हणून फांदी वाकविणारा छायाचित्रकार कायद्याच्या भाषेत शिकारीच्या पंक्तीत जाऊन बसतो. म्हणून वीणीच्या काळात ध्वनिमुद्रित हाक वाजवून पाखराला बोलावू नये, थवा उडविण्यासाठी खडा मारू नये, रात्री फ्लॅश वापरू नये आणि घरट्याचे नेमके ठिकाण कोठेही जाहीर करू नये. पाखरू मान ताठ करून आपल्याकडे पाहू लागले, चारा टिपणे त्याने थांबविले, की आपण मर्यादेपलीकडे आलो असे समजून मागे सरावे.

५. पक्षी कोणाचा ?

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या बालपणीची कथा दिली आहे. देवदत्ताच्या बाणाने पक्षी खाली पडतो, सिद्धार्थ बाण काढून त्याला वाचवितो आणि दोघेही त्यावर हक्क सांगतात. निवाडा सिद्धार्थाच्या बाजूने लागतो. आम्ही वर्गात ही कथा सांगताना आता एक तिसरा दावेदार उभा करतो. त्याच्या हाती कॅमेरा आहे आणि तो म्हणतो, “हा पक्षी माझा, कारण छायाचित्र माझे.” त्याचा दावा कोणत्या बाजूला बसतो? त्याच्या येण्याने पाखराचे आयुष्य बिघडले असेल तर देवदत्ताच्या. त्याच्या नोंदीमुळे ते तळे राखले गेले तर सिद्धार्थाच्या.

पाण्याचा आणि आपल्या समाजाचा संबंध तर रक्ताघामाचा आहे. महाडच्या चवदार तळ्यावर पशुपक्ष्यांना मज्जाव नव्हता. तो माणसांना होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह ते पाणी प्राशन केले, आणि तळ्यावरचा हक्क उच्च न्यायालयात मान्य होण्यास १९३७ साल उजाडावे लागले. ज्यांना पाणवठ्यावरून हाकलले गेले, त्यांच्या मुलानातवंडांना पाणवठ्यावरून हाकलले जाणे म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागू नये. समतेच्या त्या लढ्याचा वारसा सांगणाऱ्याने तळ्यावरच्या पाखराची जागा हिरावून घेऊ नये, अशी आमची नम्र धारणा आहे.

६. छायाचित्र हा पुरावा

इतिहासात साधनाला जे मोल असते, ते त्याच्या स्थळकाळामुळे. सोपाऱ्याचा शिलाखंड कोठे व केव्हा मिळाला हे नोंदले नसते तर तो केवळ दगड राहिला असता. छायाचित्राचेही तसेच आहे. दिनांक, वेळ, गाव, पाण्याची स्थिती, पाखरांची संख्या आणि ती काय करीत होती, एवढे लिहिले की मोबाईलवरचे साधे चित्रही पुरावा होते.

असा पुरावा आपल्या भागात विशेष मोलाचा आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरविण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ च्या डिसेंबरात स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ सांभाळले. त्यानंतर द्रुतगती महामार्ग व जलदगती रेल्वे यांची कामे या पट्ट्यात आली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. विकास हवा की नको, हा वाद येथे आम्ही मांडीत नाही. परंतु एखाद्या तळ्याचे काय झाले, असा प्रश्न उद्या विचारला जाईल, तेव्हा तेथे पूर्वी काय होते हे सांगणारी वही गावातीलच कोणाच्या तरी घरी असली पाहिजे. नोंद नसलेल्या लोकांचा इतिहास इतरांनी लिहिला, हे आपण पुरेसे भोगले आहे.

विद्यार्थी व पालकांसाठी उपक्रम

१. घराजवळचे एकच तळे निवडावे व वर्षभर दर पंधरवड्यास त्याच वेळी, त्याच जागेवरून एक छायाचित्र घ्यावे.

२. ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. ५ तारीख मारुती चितमपल्ली यांचा, तर १२ तारीख डॉ. सालिम अली यांचा जन्मदिन. त्या आठवड्यात गावातील ज्येष्ठांकडून पाखरांची बोलीतील नावे लिहून घ्यावीत.

३. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. माजी विद्यार्थ्यांनी तीत आपल्या तळ्याची नोंद पाठवावी.

४. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. तेथील निरीक्षण मनोऱ्यांना सहल नेऊन, काठावर न उतरता पाखरे कशी पाहतात याचा अभ्यास करावा.

५. घरी परतल्यावर प्रत्येकाने वहीत एका प्रश्नाचे उत्तर लिहावे : आज आपल्यामुळे एखादे पाखरू उडाले काय ? उत्तर ‘होय’ असेल तर किती अंतरावरून उडाले तेही लिहावे. पुढच्या खेपेस त्याहून अधिक अंतरावर बसावे.

नमो बुद्धाय ! जय भीम !