केबिनमागची जाळी

दवनीवाड्याच्या भागात धान पिकते. पिकअप गाडीत धानाची पोती भरतात. कधी बांबू, कधी लोखंडी सळ्याही भरतात.

ताशी ४० किलोमीटरने धावणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. एकदम ब्रेक लागला की गाडी थांबते. पण सुटा माल थांबत नाही. तो पुढे धावतो. सळई काच फोडून केबिनमध्ये शिरते. तिथे ड्रायव्हरचे डोके असते. म्हणून केबिनमागे मजबूत जाळी हवी.

ड्रायव्हरने वेल्डिंगवाल्याला विचारले, "मिस्त्री, कोणती जाळी लावू?"

मिस्त्री म्हणाले, "आधी सांगा भाऊ, गाडीत काय भरता जी? पोत्यांना जाड पाईपाची चौकट पुरे. सळ्या नेत असाल तर बारीक भोकांची जाळी घ्या. सळई आरपार जाता कामा नये."

जाळी घेताना हे पाहा :

१. ती केबिनएवढी उंच व रुंद असावी.
२. ती हौद्याला नटबोल्टाने पक्की बसवावी. केबिनच्या पातळ पत्र्याला जोडू नये.
३. तिच्यातून मागचे दिसावे.
४. तिचे वजन मालाच्या वजनात धरावे.
५. बसवण्याआधी परिवहन कार्यालयात विचारावे.

जाळी आहे म्हणून दोर ढिला ठेवू नका. माल जाळीला टेकवून, आवळून बांधा. सळ्या गाडीबाहेर काढू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. तिच्यात याला २०,००० रुपये दंड सांगितला आहे.

वाकलेली जाळी पुन्हा करता येते. गेलेला माणूस परत येत नाही.