बायकांनी वजन उचलावे काय?

पन्नाशीच्या भगिनींना वजनाचा व्यायाम सुचवला, की दवाखान्यात ठरलेला प्रश्न येतो : "डॉक्टर, अंग बाहेर आलं म्हणजे?" १५ लिटरचा हंडा उचलताना मात्र ही शंका कुणी काढत नाही! बेताबेताने वाढवलेल्या वजनाची निरोगी स्त्रीला भीती नाही. दम कोंडून हिसक्याने उचलणे वाईट.

पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते, हाडे झपाट्याने ठिसूळ होतात. मग न्हाणीत साधे घसरण्याचे निमित्त, आणि खुब्याचे हाड मोडते. वजन उचलताना स्नायू हाडाला ओढतात. असा ताण मिळणारे हाड टिकून राहते. शिवाय काम करणारा स्नायू रक्तातली साखर वापरतो, हा मधुमेहींचा फायदा.

शेजारच्या पुणे जिल्ह्यातील वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने २०२२ साली जागतिक ज्युनियर स्पर्धेत ४५ किलो गटात, दोन्ही प्रकार मिळून १५३ किलो उचलून सुवर्णपदक मिळविले. आपल्याला सुरुवातीला पाण्याच्या दोन लिटरभर बाटल्या पुरेत. आठवड्यातून किमान दोन दिवस त्या उचला. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा. उचलताना श्वास सोडावा. रक्तदाब जास्त असेल, अंग खाली आले असेल किंवा पूर्वी हाड मोडले असेल, तर आधी तपासून घ्यावे.