गर्भवतीचे मन आणि घरची परिस्थिती

प्रश्न : गरोदरपणातील नैराश्य केवळ संप्रेरकांमुळे येते का?

उत्तर : संप्रेरकांचा, म्हणजे ग्रंथींतून रक्तात मिसळणाऱ्या रसायनांचा, त्यात वाटा असतो; परंतु ती सर्वच गर्भवतींमध्ये बदलतात आणि नैराश्य मात्र काहींनाच गाठते, त्यामुळे कारणांचा शोध घरापर्यंत न्यावा लागतो. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गोव्यातील अभ्यासात, शेवटच्या तिमाहीपासून पाहणीत असलेल्या स्त्रियांपैकी २३ टक्के स्त्रिया प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्यग्रस्त आढळल्या. गरिबी, नवऱ्याशी बिघडलेले संबंध आणि गरोदरपणातच सुरू झालेला मानसिक त्रास हे त्यामागील ठळक घटक होते. मुलगी झाल्यास जोखीम वाढत होती, हा निष्कर्ष सर्वाधिक अस्वस्थ करणारा आहे, कारण ‘मुलगाच हवा’ हा दबाव गर्भवतीच्या मनावर नऊही महिने असतो. शिक्षण आणि स्वतःची कमाई यांचा आधार मिळतो. मात्र घरात मारहाण होत असेल तर तोही अपुरा पडतो.

उदासी, निद्रानाश किंवा निराशा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास ते डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवा विनामूल्य आहे.