मोजणे आणि समजून घेणे

समाजविषयक संशोधनाच्या पद्धतींचे दोन पंथ मानण्याची रूढी जुनी आहे. एका पंथाचा भर मोजणीवर असतो, दुसऱ्याचा अर्थ समजून घेण्यावर. एकोणिसाव्या शतकात ऑग्यूस्त काँत याने समाजाचे शास्त्र निसर्गविज्ञानाच्या धर्तीवर उभारण्याचा आग्रह धरला. पुढे जर्मनीत विल्हेल्म डिल्टाय याने निसर्गाचे स्पष्टीकरण आणि मानवी जीवनाचे आकलन ही दोन भिन्न कार्ये होत, असे प्रतिपादन केले. माक्स वेबर याला मात्र समाजशास्त्राने दोन्ही करावीत असे वाटे; पण ती एकत्र कशी करावयाची, हा प्रश्न त्याच्यानंतरही राहिलाच.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाचे जे उत्तर रूढ झाले, ते भूमापनाच्या शास्त्रातून उसने घेतलेले होते. कॅम्बेल आणि फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली असे सुचविले, की एकाच गुणाचे मापन एकाहून अधिक पद्धतींनी करावे, म्हणजे पद्धतीचा दोष कोणता आणि वस्तूचा गुण कोणता हे वेगळे काढता येईल. १९७० मध्ये नॉर्मन डेंझिन याने या विचाराचा विस्तार 'त्रिकोणीकरण' या नावाने केला. दोन ठिकाणांहून एकाच शिखराचा वेध घ्यावा आणि दोन्ही रेषा जेथे छेदतील तेथे शिखर आहे असे समजावे, ही यामागील कल्पना. रूपक सुबक आहे, परंतु त्यात एक गृहीत दडलेले आहे : शिखर एकच आहे. रेषा छेदल्याच नाहीत तर काय करावे, हे हे रूपक सांगत नाही.

याचे एक बोलके उदाहरण भारतातच सापडते. अर्थशास्त्रज्ञ एन. एस. जोधा यांनी राजस्थानातील दोन खेड्यांचा १९६३–६६ या काळात आणि पुन्हा १९८२–८४ मध्ये अभ्यास केला. त्यांचे निष्कर्ष १९८८ साली मुंबईच्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त प्रसिद्ध झाले. ज्या कुटुंबांचे दरडोई वास्तव उत्पन्न मधल्या काळात पाच टक्क्यांहून अधिक घटले होते, अशी सुमारे ३५ कुटुंबे त्यांनी वेगळी काढली. रूढ मोजणीप्रमाणे ती अधिक गरीब झाली होती. परंतु आपली स्थिती सुधारली हे कशावरून ओळखावे, याविषयी खुद्द गावकऱ्यांनी ज्या खुणा सांगितल्या, त्या लावून पाहता जवळजवळ प्रत्येक खुणेवर हीच कुटुंबे पूर्वीपेक्षा बऱ्या स्थितीत आढळली. मालकाच्या जागेत राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण शेकडा ३१ वरून शून्यावर आले होते. अडीअडचणीच्या महिन्यांत मालकाकडून धान्य उसने घेणारी कुटुंबे शेकडा ७७ होती, ती २६ उरली. टंचाईच्या दिवसांत मोठ्या माणसांनी दिवसातील तिसरे जेवण टाळण्याचे प्रमाण ८६ वरून २० पर्यंत उतरले. ज्या कुटुंबांतील बायकामुले नियमितपणे पायांत जोडे घालतात अशी कुटुंबे पूर्वी एकही नव्हती, ती आता ८६ टक्के झाली होती.

या विसंगतीचा अर्थ कसा लावावा? कोणती तरी एक पद्धत चुकली, हे सर्वांत सोपे उत्तर. पण उत्पन्नाचा हिशेब खोटा ठरविण्यास जसा आधार नाही, तसा गावकऱ्यांचा अनुभव भ्रम मानण्यासही नाही. दुसरे उत्तर असे, की या पद्धतींमागील जगेच भिन्न असल्याने त्यांची तुलना संभवत नाही. टॉमस कून याने १९६२ मध्ये विज्ञानाच्या इतिहासासंबंधी जे मांडले, त्याचा असा अर्थ पुष्कळांनी लावला. तो स्वीकारला तर मात्र या दोन निष्कर्षांत विरोध आहे असेसुद्धा म्हणता येणार नाही, आणि विरोध तर ढळढळीत दिसतो.

जॉन ड्यूईच्या फलप्रामाण्यवादाची भूमिका अधिक व्यवहार्य वाटते : पद्धत हे साधन होय, जो प्रश्न तसे साधन. परंतु येथे प्रश्न कोणाचा, हेच ठरावयाचे आहे. धान्याचा कोटा ठरविणाऱ्या खात्याला उत्पन्नाचा आकडा पुरेल. मालकाच्या अंगणातून स्वतःच्या घरात गेलेल्या मजुराला तो पुरणार नाही.

रॉय भास्कर याच्या १९७५ मधील ग्रंथापासून पुढे विकसित झालेला वास्तववाद येथे अधिक उपयोगी पडतो. निरीक्षणास येणाऱ्या घटनांच्या खाली त्या घडविणाऱ्या यंत्रणा असतात, असे तो मानतो. मालक आणि मजूर यांचा संबंध ही अशीच एक यंत्रणा. घरात किती धान्य आले हे उत्पन्नाच्या हिशेबात उतरते. ते कोणाच्या दारातून आले आणि त्यासाठी काय सोसावे लागले, हे उतरत नाही. उत्पन्न घटणे आणि पराधीनता सैल होणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणजे दुरुस्ती हवी ती 'दारिद्र्य' या संकल्पनेत.

आणखी एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. जोधांच्या खुणाही अखेर आकड्यांतच मांडलेल्या आहेत. तेव्हा खरा भेद संख्या आणि शब्द यांच्यातील नव्हे, तर काय मोजावे हे कोणी ठरविले यातील आहे.

अर्थात ३५ कुटुंबांवरून राजस्थानातील दारिद्र्य वाढले की घटले, हे सांगता येत नाही. त्यासाठी मोठे सर्वेक्षणच हवे, आणि त्याच्या प्रश्नावलीत जोड्यांचा आणि तिसऱ्या जेवणाचा प्रश्न असावयास हवा. परंतु जेथे प्रत्येकाच्या पायांत जोडे आहेत अशा गावी तो प्रश्न काहीच मोजणार नाही. तेथे अन्वेषकाने प्रश्नावली मिटून, सुधारणा कशाला म्हणावे, हे लोकांनाच नव्याने विचारले पाहिजे.