विमानाने जाणारी मदत : अडते कोठे?

भूकंपाचा पाठ शिकविताना भूकंप कसा होतो हे शिक्षक सांगतात. मदत कशी पोचते हे बहुधा राहून जाते. वस्तुतः मुलांच्या विचारास अधिक चालना देणारा भाग तोच आहे. त्यासाठी नेपाळचे उदाहरण घ्यावे.

२५ एप्रिल २०१५ रोजी दुपारी बाराच्या सुमारास नेपाळात ७.८ परिमाणाचा भूकंप झाला. केंद्र गोरखा जिल्ह्यात होते. सुमारे ९,००० माणसे मृत्यू पावली. तो वार शनिवार होता, आणि नेपाळात साप्ताहिक सुटी शनिवारीच असते. म्हणून ज्या हजारो वर्गखोल्या कोसळल्या, त्या रिकाम्या होत्या. हे मुलांना अवश्य सांगावे.

नेपाळास समुद्रकिनारा नाही. डोंगरातील रस्ते दरडींनी बंद पडले. भारतीय वायुदलाची विमाने त्याच दिवशी काठमांडूस पोचली, मागोमाग इतर देशांचीही येऊ लागली. येथे थांबून विचारावे : विमाने पुष्कळ, माल पुष्कळ, मग अडचण कोणती?

अडचण जमिनीवर होती. काठमांडूच्या विमानतळास धावपट्टी एकच आणि विमाने उभी करण्यास जागा थोडी. बाजाराच्या दिवशी पुढची गाडी रिकामी होईपर्यंत मागच्या गाड्या खोळंबतात, तसेच तेथे झाले. काही विमानांना आकाशात घिरट्या घालून परत फिरावे लागले. पुढे धावपट्टीस इजा पोचल्याचे दिसताच ३ मे रोजी १९६ टनांहून जड विमानांस उतरण्याची मनाई झाली.

विमान उतरले म्हणजे माल उतरला असेही नव्हे. लष्करी मालवाहू विमानाचे मागील दार उतरणीसारखे जमिनीस टेकते. परंतु मोठ्या प्रवासी विमानाच्या बांधणीचे मालवाहू विमान असेल, तर त्याचे दार सुमारे ५ मीटर उंचावर असते. तेथवर पोचणारे उचलयंत्र नसेल तर माल डोळ्यांसमोर असून हाती येत नाही. फळ्यांवर जाळीने बांधलेला माल फोर्कलिफ्टने झटपट निघतो. सुट्या पोत्यांस माणसांची रांग लागते. म्हणून तंबू व औषधांइतकीच उतरविण्याची साधनेही पाठवावी लागतात. जागतिक अन्न कार्यक्रमाने जेमतेम एक महिना आधी, मार्च २०१५ मध्ये, याच विमानतळावर मदतसाहित्याचा तळ उघडला होता. तो फार उपयोगी पडला.

पुढील वाट हेलिकॉप्टरची. उंचावर हवा विरळ असल्याने त्याच्या पंख्यास आधार कमी मिळतो व ओझे कमी न्यावे लागते. हेलिकॉप्टरही जेथे टेकत नाही, तेथे खेचरे आणि पाठीवर ओझे वाहणारी डोंगरी माणसे.

वर्गात गणित असे घालावे : ६० टन माल आहे. हेलिकॉप्टर सखल भागात एका खेपेस ३ टन नेते, उंचावर २ टन, असे समजू. किती खेपा वाढल्या? एक माणूस २५ किलो उचलत असेल, तर २ टनांस किती माणसे लागतील?

नंतर फळ्यावर ताडपत्री, तांदूळ, जुने कपडे, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या असे लिहून, प्रथम काय चढवाल ते विचारावे. पुष्कळ मुले कपडे म्हणतील. लगेच चूक दाखवू नये. जूनमध्ये तेथे पावसाळा लागतो, एवढेच सांगावे व पुन्हा विचारावे.

३१ मे रोजी शाळा पुन्हा उघडल्या; अनेक ठिकाणी त्या तात्पुरत्या छपराखाली भरल्या. अशा एका छपराची ताडपत्री दिल्लीहून गोरख्याच्या डोंगरात कोणकोणत्या वाहनांनी पोचली असेल, ते मुलांनी नकाशावर रेखून दाखवावे.